दाजींची बसलेली बॅटरी आणि माझा पत्र्याचा डबा

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात दाजी तासगावहून आले. एरवी दाजी आले की काहीतरी घेऊन येतात, बेदाणे म्हणा, शेवग्याच्या शेंगा म्हणा, यावेळी कॅरीबॅगेत फक्त ड्रिलची बॅटरी होती. "बघ रं हिच्याकडं जरा, चार्जरला लावली की लाल-हिरवं लाल-हिरवं करत बसतीय नुसती. दुकानदार म्हणतोय बॅटरी गेली, नवीन घ्या." नवीन म्हणजे पाच हजाराच्या पुढं, आणि ही बॅटरी म्हणाल तर दोन सीझनसुद्धा धड वापरलेली नाही. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी झाली की मांडवाचे नट-बोल्ट आवळायला ती बाहेर निघते, काम झालं की शेडमध्ये खुंटीला, ती डायरेक्ट ऑक्टोबरच्या छाटणीला आठवते.

मी सांगलीत मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब फिटिंगचं काम करतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही, जे येतं ते स्वतःच्या बॅटऱ्या बिघडवून आलेलं आहे, हे आधीच सांगतो. दिवसाला दोनशे-अडीचशे स्क्रू मारायचे, बिजागऱ्या, चॅनेल, हँडल, त्यामुळं माझ्याकडं एका वेळेला सहा-सात बॅटऱ्या फिरतीवर असतात आणि त्यातली एक तरी कायम रुसलेली असते. पहिली चार-पाच वर्षं मी पण "गेली" म्हणून भंगारात टाकत होतो. किती पैसे गेले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही, ती ब्लॉग वाचत नाही तेवढं बरंय.

तर दाजींची बॅटरी उघडली. खाली चार स्क्रू असतात, चांदणीसारखी खाच आणि मधे एक टोचा, त्याला मधोमध भोक असलेला टी-१० बिट लागतो, साधा बिट घालून जोर केला तर स्क्रू पण जातो आणि बिट पण. आत दहा सेल, आपल्या पेन्सिल सेलपेक्षा जाड आणि लांब, ज्याला १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलीमीटर जाडी आणि ६५ मिलीमीटर लांबी, एवढाच त्या नंबरचा अर्थ. दोन-दोन सेलची एक जोडी, अशा पाच जोड्या एकापुढं एक. एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६, पाचाचे झाले १८. फुल चार्जला सेल ४.२ ला जातो, पाचाचे झाले २१. म्हणजे १८ व्होल्ट लिहिलेली, २० व्होल्ट मॅक्स लिहिलेली आणि बाजारातली ती २१ व्होल्टवाली, तिन्हींच्या आत सेल पाचच ओळीत, फरक स्टिकरचा. आता तर ४८ आणि १२८ असले आकडे छापलेले ड्रिल पण मिळतात, मी दोन उघडून बघितले, आत तेच पाच. एकात तर दहा सेलची जागा होती आणि पाच खाच्यांत नुसत्या प्लास्टिकच्या नळ्या होत्या, वजन लागावं म्हणून पण काही घातलेलं नव्हतं, इतकं बिनधास्त.

मल्टिमीटर लावला, एक-एक जोडी मोजली. ३.६२, ३.६१, ३.६१, ३.६० आणि शेवटची २.३८. सगळं मिळून १६.८२. बाहेरून टर्मिनलवर मोजलं असतं तर वाटलं असतं ठीकच आहे की, थोडी उतरलीय फक्त. पण चार्जर आणि आतलं कार्ड, ज्याला बीएमएस म्हणतात, ते जोड्या वेगवेगळ्या बघतं, त्याला एक जोडी फार खाली दिसली की ते चार्जिंगच घेत नाही. बरोबरच करतं ते. ही एकच जोडी का उतरली तर काही पॅकमध्ये त्या कार्डाचा स्वतःचा खुराक एकाच जोडीतनं जातो, रोज वापरात असेल तर कळत पण नाही, पण पाच-सहा महिने खुंटीला टांगली की ती एक जोडी हळूहळू रिकामी होते आणि बाकीच्या चार तशाच भरलेल्या. बैलगाडीचा एक बैल उपाशी ठेवल्यासारखं आहे हे, गाडी दोघांची, एकट्यानं चालायची नाही.

"म्हणजे मेली नाय?" दाजी.

"नाय दाजी, एक जोडी उपाशी आहे. पण खायला घालून बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

दाजींच्या गावात एक पोरगा आहे तो मोटारसायकलच्या बॅटरीला दोन वायरी लावून असल्या बॅटऱ्या "जागं" करून देतो, व्हिडिओ बघून शिकलाय. दाजी त्याच्याकडं आधी गेले नाहीत हे नशीब. बारा व्होल्टवरनं थेट करंट ढकलला तर तो किती जाईल याला काही धरबंध नाही. कधी चालतं, कधी सेलच्या तोंडातनं फुसकन वाफ निघते. मी एक छोटं सरकिट वापरतो, टीपी ४०५६ नावाचं, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तीस-चाळीस रुपयाला मिळतं, मोबाईलच्या चार्जरवर चालतं, एकाच जोडीला लावायचं. त्याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे सेल २.९ व्होल्टच्या खाली असेल तर ते एकदम एक अँपिअर देत नाही, त्याच्या साधारण दहावा हिस्सा देतं, आजारी माणसाला पेज देतात तसं, आणि २.९ च्या वर आला की मग पूर्ण एक अँपिअर. शेवटी ४.२ ला आपोआप थांबतं, पण मला तिथपर्यंत न्यायचंच नव्हतं, बाकीच्या चार जोड्या ३.६ ला आहेत तर हिला पण ३.६ लाच सोडायचं. म्हणून मीटर लावून शेजारी बसून राहिलो, तासाभराच्या वर गेला.

इथं एक सावधगिरी, जी मला एक सरकिट जाळून कळली. दोन जोड्या उतरल्यात म्हणून एकाच मोबाईल चार्जरवरनं दोन सरकिटं काढून दोन जोड्यांना एकदम लावायची नाहीत. दोन्ही सरकिटांची मायनस एकच असते आणि जोड्या तर ओळीत जोडलेल्या आहेत, म्हणजे आपणच मधली जोडी शॉर्ट करतो. एका वेळेला एकच जोडी. घाई असेल तर दोन वेगळे चार्जर.

जोडी ३.६ ला आली, पण मी लगेच पॅक बंद केला नाही. दाजींना चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं आणि बॅटरी आठ दिवस तशीच कपाटावर ठेवली. या आठ दिवसांची घाई लोक करतात आणि तिथंच फसतात. सेल चार्ज घेतो हे काहीच नाही, धरून ठेवतो का ते बघायचं असतं. आतून किंचित शॉर्ट असलेला सेल चार्ज छान घेतो आणि तीन-चार दिवसात गळून जातो. आठव्या दिवशी मोजलं तर उपाशी जोडी ३.५९, बाकीच्या जवळपास जिथल्या तिथं. मग पॅक बंद करून कंपनीच्या चार्जरला लावला, हिरवा दिवा लागला.

आता याच्या उलटी गोष्ट सांगतो, कारण नुसती जिंकल्याची गोष्ट सांगितली तर तुम्ही उद्या घरातली प्रत्येक बॅटरी उघडाल.

माझ्या ओळखीचा एक फॅब्रिकेशनवाला आहे, त्यानं ग्राइंडरची बॅटरी आणली, दोन वर्षं गाडीच्या डिकीत पडलेली. पाच जोड्यांपैकी तीन ०.७, ०.४, ०.९ अशा. म्हणला कर चार्ज, तुझ्याकडं सरकिट आहे की. मी नाही म्हणलं, त्याला राग आला, त्याला वाटलं मला वेळ काढायचा नाही. गोष्ट अशी आहे की लिथियम सेलच्या आत मायनस बाजूला तांब्याची पातळ पत्री असते. सेल फारच खाली गेला, दोनच्या खाली आणि तसाच महिनोन्‌महिने राहिला, की ते तांबं आतल्या द्रावात विरघळायला लागतं. तोपर्यंत काही होत नाही, सेल शांत असतो. पण तुम्ही त्याला परत चार्ज करता तेव्हा ते विरघळलेलं तांबं कुठंही, वेड्यावाकड्या जागी परत बसतं, आणि प्लस-मायनसच्या मधल्या पडद्यातनं आरपार गेलं तर सेल आतून शॉर्ट. त्या दिवशी होईल, नाहीतर महिन्यानं रात्री चार्जरवर असताना होईल. माझा नियम सरळ आहे, २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिलेल्या सेलला मी हात लावत नाही, त्याच्या दोन्ही टोकांना टेप मारून पत्र्याच्या डब्यात. लोक १.५ म्हणतात, कोण १ म्हणतं, ज्याचं घर त्यानं ठरवावं. त्या भावानं नंतर दुसरीकडनं ती चार्ज करून घेतली, चार दिवस चालली म्हणे. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

व्होल्टेज बरोबर असून पण बॅटरी "दम" देत नाही हा तिसरा प्रकार, आणि साईटवर सगळ्यात जास्त हाच दिसतो. चार्जर म्हणतो फुल, चार काड्या दाखवते, प्लायमध्ये स्क्रू अर्धा गेला की ड्रिल धापा टाकतं आणि बंद. ट्रिगर सोडला, परत दाबला, परत चालू. इथं क्षमता गेलेली नसते, सेलचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारी अडवणूक, वाढलेली असते. हिशोब करून बघा, चांगल्या नव्या सेलचा रोध धरा २० मिलीओहम, दोन सेलची जोडी झाली १०, पाच जोड्या ओळीत झाल्या ५०. ड्रिलने २० अँपिअर ओढले तर १ व्होल्ट आतच पडतो, कळत पण नाही. तोच सेल म्हातारा होऊन ८० मिलीओहमला गेला तर पॅक झाला २०० आणि तेवढ्याच २० अँपिअरला ४ व्होल्ट पडले, कार्डाला वाटतं बॅटरी संपली, ते कट मारतं. आणि ते चार व्होल्ट जातात कुठं, २० अँपिअर गुणिले ४ व्होल्ट म्हणजे ८० वॅट, जुन्या पिवळ्या बल्बापेक्षा जास्त उष्णता त्या बंद डबीत. म्हणून म्हातारी बॅटरी हाताला चटका देते. आतला रोध मोजायचं एक छोटं मीटर मिळतं, चार टोकांनी मोजणारं, मी दोन वर्षं टाळाटाळ करून घेतलं आणि मग कळलं की आधीच घ्यायला पाहिजे होतं. साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजने हे मोजता येत नाही, कृपया प्रयत्न करू नका, मीटर जातो.

रोध वाढलेला सेल कुठल्याही युक्तीने तरुण होत नाही. फ्रीजरमध्ये ठेवा, हळू चार्ज करा, दहा वेळा पूर्ण उतरवा, सगळं मी करून बसलोय. तिथं सेल बदलणं हाच उपाय.

सेल बदलायच्या आधी एक गोष्ट तपासा. काही कंपन्यांचं कार्ड असं असतं की त्यानं एकदा आतून कुलूप लावलं की तुम्ही सोन्याचे सेल टाका, ते उघडत नाही. माझे एकदा दहा नवे कोरे सेल असे अडकले, सगळं वेल्डिंग करून झाल्यावर चार्जर तसाच लाल-हिरवा. म्हणून आता आधी त्या मॉडेलचं कार्ड कसं वागतं ते कुणाला तरी विचारून घेतो, नाहीतर सेलबरोबर कार्ड पण मागवतो. आणि काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, चारी बाजूंनी. कार्डाकडं जाणाऱ्या बारीक वायरींचा क्रम चुकला तर कार्ड जागच्या जागी मरतं. सेलच्या मधे एक बारीक थेंबासारखा सेन्सर खोचलेला असतो, तापमानाचा, त्याची वायर तुटली तर चार्जर "गरम आहे" म्हणून रुसतो आणि आपण उगाच सेलला दोष देतो. हे दोनदा झालंय, दोन्ही वेळा सेल ठणठणीत होते.

सेल कुठले घ्यायचे यावर मी भांडायला तयार आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल ड्रिलला घालू नका, ते दिसतात सारखे पण त्यांचा जन्म थोडा-थोडा करंट बराच वेळ द्यायला झालेला असतो, टॉर्चला, पॉवरबँकला ते छान. ड्रिलला मोठा करंट देणारा सेल लागतो, सॅमसंगचा २५आर २५०० एमएएचचा आणि २० अँपिअरचा, मोलिसेलचा पी२८ए २८०० चा आणि ३५ अँपिअरचा, असले. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती साठतं तो आकडा, आणि बघताना लक्षात येईल की तगडा सेल त्यात कमीच असतो. आणि १८६५० वर ९८०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा, त्या आकारात साडेतीन हजाराच्या आसपास म्हणजे डोक्यावरनं पाणी. एकदा मी ऑनलाईन असलेच घेतले होते, वजन केलं तर सेल तिसेक ग्रॅमचा, खरा सेल पंचेचाळीसच्या पुढं-मागं भरतो. किराणा दुकानातला वजनकाटा इथं लाख रुपयाचा.

आणि सेलला थेट डाक देऊ नका. मी पहिला पॅक असाच केला होता, साठ वॅटची सोल्डरिंग आयर्न टेकवून, सेल हातात धरवत नव्हता, आतला पातळ पडदा त्या उष्णतेने खराब होतो, तो पॅक तीन महिने पण टिकला नाही. स्पॉट वेल्डर लागतो, नाहीतर वेल्डिंग करून देणारे आता ई-बाईकमुळं बऱ्याच गावात झालेत, त्यांच्याकडनं करून घ्या. सेल एकमेकांना जोडणारी पट्टी निकेलची पाहिजे. बाजारात लोखंडाच्या पट्टीला वरनं निकेलचा मुलामा देऊन विकतात, चुंबक लावून ओळखू म्हणाल तर निकेल पण चुंबकाला चिकटतं, त्यामुळं ती परीक्षा फुकट. पट्टीचा तुकडा ग्राइंडरला टेकवा, भसाभस ठिणग्या उडाल्या तर लोखंड.

बार्ली पेपर नावाचा एक हिरवट-राखाडी चिकट कागद असतो, त्याची गोल चकती सेलच्या प्लस टोकावर बसवायची असते. हे फार किरकोळ काम वाटतं. मला पण वाटलं होतं. सेलचं प्लसचं बटण मधे असतं आणि त्याच्या भोवतीची कड ही मायनस असते, दोन्हींच्या मधे एक-दोन मिलीमीटर आणि वरचं पातळ प्लास्टिक एवढंच. मी चकती न लावता पट्टी मारली, पॅक दाबून डबीत बसवला आणि पट्टीने ते प्लास्टिक कापलं. पट्टी लालभडक झाली, मी पक्कडीने ओढून काढली ती तुटलीच, म्हणून वाचलो. तेव्हापासून ओट्याच्या उरलेल्या कडप्प्याचा एक मोठा तुकडा माझं बॅटरीचं टेबल आहे, शेजारी वाळूची बादली, आणि चार्जिंग कधीही गादीवर, सोफ्यावर, प्लायच्या ढिगाऱ्यावर नाही. सेल पेटलाच तर धूर विषारी असतो, आधी माणसं बाहेर. नंतर भरपूर पाणी.

आमच्या मिस्त्रींची गोष्ट सांगायची राहिली. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांच्याकडं जुनं १४.४ व्होल्टचं ड्रिल होतं, निकेल-कॅडमियमचं, वजनाला वरवंट्यासारखं. लिथियमची हत्यारं आली ती २००५ च्या आसपास, आपल्या साईटवर दिसायला अजून काही वर्षं गेली, त्याच्या आधी सगळा कारभार कॅडमियमचा, तो सेल १.२ व्होल्टचा, म्हणून त्या ड्रिलमध्ये बारा सेल. मिस्त्री कायम सांगायचे, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जरला लावायची नाही. त्या बॅटरीला ते काही प्रमाणात बरोबर होतं. पण त्यांची पद्धत ट्रिगरला सुतळी बांधून रात्रभर ठेवायची, आणि त्यात बारापैकी जो अशक्त सेल आधी संपतो त्याच्यातनं बाकीचे अकरा उलटा करंट ढकलत राहतात, तो उलटा चार्ज होतो आणि मरतो. ड्रिल मंद झालं की थांबायचं, एवढंच पुरतं. त्या बॅटऱ्यांना बरं करायचा सौम्य उपाय म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने चौदा-सोळा तास सावकाश चार्ज, सगळे सेल एका पातळीला येतात. गाडीच्या बॅटरीचा झटका देऊन सेलला आतून शॉर्ट करणारी केसासारखी वाढ जाळायची ती युक्ती पण मी केलीय, दोन सेल उठले, आठवड्याने परत बसले. सेलवर पांढरी पावडर आलेली असेल तर ती अल्कली असते, हातमोजे घालून व्हिनेगरने पुसायची.

ते ड्रिल आता माझ्याकडं आहे, मिस्त्रींनी काम सोडताना दिलं. मी त्यात चार लिथियम सेल आणि चार सेलचं कार्ड घातलं, ३.६ चोक १४.४, आकडा कसा चपखल बसतो बघा. जुना चार्जर मात्र तोडून टाकला, ठेवला पण नाही, कारण उद्या कोणी पोरगं चुकून लावेल, तो चार्जर कॅडमियमसाठीचा आहे, त्याला १६.८ ला थांबायचं असतं हे माहीतच नाही. मोटर अडकली की खूप करंट ओढते आणि कार्ड कट मारतं, तेवढं चालवून घेतो. मिस्त्रींना दाखवलं तर म्हणले, हलकं झालं रं, आता हातात काय असल्यासारखं वाटत नाही.

पण लिथियमला ते पूर्ण उतरवायचं खूळ लावू नका, त्याला अर्धवट चार्जिंगची सवय-बिवय काही लागत नाही. उलट पाव भाग शिल्लक असतानाच चार्जरला लावली तर जास्त जगते. माझी बाकीची निगा म्हणाल तर आळशी माणसाची आहे. साईटवरनं गरम बॅटरी काढली की अर्धा तास सावलीत, मग चार्जर, मे महिन्यात दुपारी तर चार्जिंग करतच नाही, ४५ अंशाच्या वर चार्ज करायचं नाही असं बऱ्याच बॅटऱ्यांवर लिहिलेलं असतं आणि सांगलीत पत्र्याखाली तेवढं कधी होतं ते बघायला थर्मामीटर लागत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नाही. महिना-दोन महिने लागणार नसेल तर चारपैकी दोन काड्यांवर ठेवायची, फुल भरून नाही आणि रिकामी तर नाहीच, आणि बॅटरीवर मार्करने महिना लिहायचा, दर तीन महिन्यांनी बघायचं. पावसाळ्यात टर्मिनलवर हिरवट येतं, खोडरबर आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. चिंचोक्याएवढं वाटणारं हे काम फार मोठं आहे, कारण ढिल्या किंवा गंजलेल्या टर्मिनलवर करंट अडतो, तिथं तापतं आणि प्लास्टिक वितळून टर्मिनल वाकडं होतं, मग बॅटरी चांगली असून ड्रिल भंगार.

पत्र्याचा डबा आमच्याकडं आला तो ऑगस्ट २०१९ च्या पुरात. दुकानात छातीएवढं पाणी, चार दिवस. हत्यारं नंतर धुऊन-सुकवून बरीचशी चालू झाली, मोटर कॉइल उन्हात वाळवली, बेअरिंग बदलले. बॅटऱ्या मात्र नाहीत. पाण्यात बुडालेल्या बॅटरीच्या प्लस टोकाला करंट सतत गळत असतो, चार दिवसात कार्डावरची जोडणीच खाऊन टाकली होती, काही सेलच्या टोप्या गंजून भोक पडलेलं आणि उघडल्यावर गोडसर वास, नेलपॉलिशच्या जवळचा. तो वास आला की तो सेल सुकवायचा वगैरे नाही. सात बॅटऱ्या गेल्या. कचरा गाडीत टाकायचं धाडस झालं नाही, बेदाण्याचा रिकामा पत्र्याचा डबा होता, तळाला वाळू, प्रत्येक सेलला टेप आणि वर परत वाळू. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलीय, त्यामुळं आता सर्व्हिस सेंटरला विचारतो तरी, एका ठिकाणी चक्क घेतल्या, दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने माझ्याकडं असं बघितलं जणू मी त्याला मेलेला उंदीर देतोय. कॅडमियमवाल्या तर अजिबातच इकडं-तिकडं टाकू नका, ते विष आहे, आणि भंगारवाल्याची पोरं सेल फोडतात.

दाजींना दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा बॅटरी दिली. त्यांनी तिथंच ड्रिलला लावून ट्रिगर दाबला, घुर्र झालं, खूश झाले, ताईला हाक मारून दाखवलं. मग शेडमध्ये गेले आणि हसत हसत अजून एक घेऊन आले. "ही पण बघ की. ही विहिरीपाशी होती, दोन पावसाळे झाले असतील."

मीटर खिशातच होता. तिथंच टर्मिनलवर टेकवला, ३.१. एका जोडीचे नाही, पाचांचे मिळून.

"दाजी," म्हणलं, "हिला डबा."